पाळणाघर निवडताना नेमकं काय मोजायचं? (घोडबंदर रोड की ऐरोली)

कासारवडवली_लोकल

नमस्कार मंडळी. बाळ सात महिन्यांचं होईल तेव्हा रजा संपते. घर ठाण्यात घोडबंदर रोडवर कासारवडवलीला, ऑफिस नवी मुंबईत ऐरोलीला. दोन जागा बघून झाल्या.

एक आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये, पहिल्या मजल्यावरच्या टू बीएचकेत एक काकू चालवतात ते. १४ मुलं, ३ मावश्या. दुसरी ऐरोलीत ऑफिसजवळ: भिंतीवर जिराफ, एसी, मोबाइलवर कॅमेरा. दोन्हीकडे पाच मिनिटांत 'सगळं छान आहे' एवढंच कळलं. पुन्हा जाणार आहे, तर काय विचारू, कुठे बघू? 'आईला आतून कळतं' सोडून सांगा. मोजता येईल, हाताने तपासता येईल असं हवंय.

पाळणादोरी

पाळणाघर चालवणाऱ्यांच्या बाजूने लिहिते. सकाळी अकराला जाऊ नका. अकराला कुठलंही पाळणाघर छानच दिसतं. मुलं नाश्ता करून खेळत असतात आणि सगळा स्टाफ हजर असतो. दोनच वेळा खऱ्या: दुपारी १ ते अडीच, आणि संध्याकाळी साडेसहानंतर.

दुपारी काय होतं बघा. शाळेच्या व्हॅनमधून मोठी मुलं उतरतात, त्यांचे हातपाय धुणं, कपडे बदलणं, डबे उघडणं. त्याच वेळी तान्ह्यांना झोप आलेली असते. आणि मावश्यांनाही जेवायचंच असतं, त्या सहापासून उठलेल्या असतात. तीनपैकी एक गॅसपाशी, एक जेवायला बसलेली. उरली एक आणि मुलं चौदा. शी झालेल्या बाळाला घेऊन ती मोरीत गेली की बाहेर कोणी नाही. पडणं, चावणं, घशात अडकणं हे सगळं याच दीड तासात होतं.

संध्याकाळी उलट. मावश्यांची ड्यूटी सहा-साडेसहाला संपते, त्यांनाही घर आहे. आईबाप माजिवड्याच्या सिग्नलला अडकलेले. उरलेल्या चार-पाच मुलांपाशी बहुतेक ठिकाणी एकच बाई असते. म्हणून 'तुमच्याकडे किती मावश्या?' असं विचारू नका. 'दुपारी दीडला मुलांच्या खोलीत किती जणी असतात आणि सव्वासातला कोण असतं?' असं विचारा. शेवटचं मूल जाईपर्यंत दोन मोठी माणसं हवीत. एकीला चक्कर आली तरी दार उघडणारं कोणी पाहिजे.

हिशेबनीस

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. त्याला आकड्यांची जोड देतो.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात दर मुलामागे १० ते १२ चौरस फूट जागा, तीन वर्षांखालच्या १० मुलांमागे एक प्रशिक्षित व्यक्ती, तीन ते सहाच्या २० मुलांमागे एक, शिवाय मदतनीस, असा हिशेब आहे. तुमच्या काकूंकडे १४ गुणिले १२ म्हणजे १६८ चौरस फूट. स्वयंपाकघर, बाथरूम, काकूंची स्वतःची खोली वजा केली तरी टू बीएचकेत एवढी जागा सहज निघते. थोडक्यात, जागेच्या परीक्षेत जवळपास सगळेच पास होतात.

दहाला एक हा आकडाही किमान आहे, चांगला नव्हे. एक वर्षाखालच्या तीन, फार तर चार बाळांमागे एक बाई हवी. साधी कसोटी: खोलीत धूर झाला तर एक बाई दोन काखांत दोन बाळं घेऊन जिना उतरेल. तिसऱ्याचं काय? म्हणून एकूण मुलं किती यापेक्षा 'अजून न चालणारी किती' हे विचारा आणि तो आकडा दोनने भागा. धूर झाला तर घरात एकूण तेवढी मोठी माणसं लागतील.

दुसरं, गुमास्ता दाखवून 'आमच्याकडे लायसन्स आहे' म्हणतात. गुमास्ता ही दुकान-आस्थापना कायद्याखालची नोंद आहे. २०१७ च्या कायद्यानुसार कामगार थोडे असतील तर नुसती सूचना द्यावी लागते. मुलं कशी सांभाळतात हे त्यात कोणी तपासलेलं नसतं. तो कागद हवाच, पण त्यावर भरवसा टाकू नका. ही कागदपत्रं मात्र तारीख बघून मागा:

- प्रत्येक मावशीचं पोलिस व्हेरिफिकेशन. बदली मावशी, स्वयंपाकवाली, व्हॅनचा ड्रायव्हर, आणि घरगुती पाळणाघर असेल तर त्या घरात दिवसा असणारे इतर सगळे मोठेही धरा. बदलीवालीचं व्हेरिफिकेशन नव्वद टक्के ठिकाणी नसतं असं म्हणायचा मोह होतोय, पण आकडा फेकत नाही. तुम्ही विचारा आणि काकूंचा चेहरा बघा.
- सोसायटीचं ना-हरकत पत्र. ते नसेल तर वरच्या मजल्यावरच्या आजोबांनी आवाजाची तक्रार केली की महिन्याच्या मध्यात पाळणाघर बंद, आणि तुम्ही पुन्हा शोधायला मोकळ्या.
- इमारतीचा अग्निसुरक्षेचा 'फॉर्म बी'. तो परवानाधारक एजन्सीकडून दर जानेवारी आणि जुलैत घ्यायचा असतो. सोसायटीच्या ऑफिसात मिळेल. घरातल्या अग्निशामकाचा काटा हिरव्यात आहे का आणि तो मुलांच्या खोलीजवळ आहे का, की गॅसच्या मागे, हेही बघा. गॅस पेटल्यावर गॅसमागे हात घालणार कोण?

सिस्टरताई

बाळ सात महिन्यांचं, म्हणजे दुधाचा प्रश्न आधी.

काढलेलं आईचं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रीजमध्ये ४ अंशांना ४ दिवस टिकतं. ठाण्यात एप्रिल-मेमध्ये बिनएसीच्या खोलीचं तापमान २५ कुठून असणार? तेव्हा घरून बर्फाच्या पिशवीसह नेऊन थेट फ्रीजमध्ये, तेही मागच्या बाजूला. दारात नको, दार दिवसात पन्नासदा उघडतं. गोठवलेलं दूध फ्रीजमध्ये वितळवलं तर २४ तासांत वापरायचं, पुन्हा गोठवायचं नाही. बाळाने तोंड लावलेलं उरलं तर दोन तासांत संपवा किंवा ओता. फॉर्म्युला (डब्यातल्या पावडरचं दूध) असेल तर पाजायला सुरुवात केल्यापासून एकच तास.

तिथे बघायचं ते असं. फ्रीजमध्ये तापमापी आहे का (नसेल तर एक छोटी तुम्हीच भेट द्या). दूध कोमट करायला वाटीभर गरम पाणी वापरतात की मायक्रोवेव्ह? मायक्रोवेव्हमध्ये मधलंच दूध कढत होतं, बाटली बाहेरून गार लागते आणि बाळाची जीभ भाजते. लाइट गेली तर फ्रीज किती वेळ चालतो? दार उघडलं नाही तर साधारण ४ तास थंडावा राहतो, पण चौदा मुलांच्या घरात दार उघडलं जाणारच.

प्रत्येक बाटलीवर नाव, तारीख आणि काढल्याची वेळ. नाव टेपवर, कारण पेन पुसलं जातं. दोन बाळांची सारखीच बाटली असते तिथे अदलाबदल होते, तेव्हा टेपचा रंगही ठरवून टाका.

आता झोप. एक वर्षापर्यंत पाठीवर, सपाट आणि घट्ट गादीवर, उशीशिवाय. मोहरीची उशीसुद्धा नको, आजीला वाईट वाटलं तरी. झोळीबद्दल इथे वाद होईल, पण कारण सांगते: झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. जागं बाळ हलवायला ठीक, दीड तास झोपवून ठेवायला नाही. गळ्यातला काळा दोरा, ताईत, साखळी पाळणाघरात जाताना घरीच काढा. मनगटाला बांधलात तरी तो तोंडात जातो, तेव्हा तिथेही नको. झोपलेल्या बाळांच्या खोलीत दर दहा-पंधरा मिनिटांनी कोणी डोकावतं का, आणि ते दार बंद करतात का, हे दुपारच्या भेटीत दिसेल.

आडवा_प्रश्न

झोळीत पिढ्या वाढल्या हो सिस्टर. :) असो, तो वाद इथे नको. कॅमेऱ्याचं कोणी बोललंच नाही. ऐरोलीच्या जागेत मोबाइलवर दिसतं, मग घरगुतीपेक्षा ते सरस नाही का?

हिशेबनीस

२०१६ मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला मारहाण झाली, त्याचं चित्रण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. कॅमेरा तिथे होताच. मारहाण होत असताना मात्र तो कोणी बघत नव्हतं. कॅमेऱ्याचा उपयोग नंतर पुरावा म्हणून होतो, थांबवायला माणूसच लागतं.

तरी असेल तर तीन प्रश्न विचारा. रेकॉर्डिंग किती दिवस राहतं? (जखम दुसऱ्या दिवशी लक्षात येते आणि रेकॉर्डिंग तोवर पुसलेलं असतं. किमान ३० दिवस मागा.) झोपायच्या खोलीत कॅमेरा आहे का, की फक्त जिराफाच्या भिंतीसमोर? पासवर्ड प्रत्येक पालकाचा वेगळा की सगळ्यांचा एकच? एकच असेल तर तुमचं मूल शंभर अनोळखी फोनवर दिसतंय. लंगोट बदलायच्या जागी कॅमेरा नको. तिथे दार उघडं आणि दुसऱ्या मावशीच्या नजरेच्या टप्प्यात, एवढा नियम पुरे.

मुलाशी काही वावगं झाल्याचा संशय आला तर १०९८ (मुलांसाठीची हेल्पलाइन) किंवा ११२. पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याखाली, असा अत्याचार कळल्यावर पोलिसांना न सांगणं हाही गुन्हा आहे, आणि तो चालवणाऱ्या काकूंनाही लागू आहे. 'आपसात मिटवू' म्हणणाऱ्या जागी एक दिवसही ठेवू नका.

पाळणादोरी

जागा बघताना हाताने काय तपासायचं, ते सांगते.

बाथरूममध्ये आधी शिरा. पाणीकपातीच्या दिवसांत ठाण्यात प्रत्येक घरात पिंप, बादल्या भरून ठेवतात. रांगणारं मूल बादलीत वाकलं की डोकं जड असल्याने पुढे कलंडतं आणि सरळ होता येत नाही. वीतभरही पाणी लागत नाही. पिंपाला घट्ट झाकण आणि बाथरूमला बाहेरून वर कडी. दोन्ही हवं. 'आम्ही दार लावतो' म्हणाल्या तर पाच मिनिटं गप्प उभ्या राहा, कोणी लावतं का बघा.

गॅलरीच्या गजांमधून चार इंच, म्हणजे १० सेंटीमीटरपेक्षा जास्त फट नको. खिडकीखाली दिवाण, खुर्ची, खेळण्यांचं कपाट नको. टॉवरच्या सरकत्या खिडक्यांना तर अजिबात नको. खिडकीच्या जाळीला कुलूप असेल तर किल्ली कुठे, हे स्टाफमधल्या दुसऱ्या बाईला विचारा, काकूंना नाही. काकूंना माहीत असतंच.

जमिनीवर स्वतः बसा. बाळ ज्या उंचीवरून बघतं तिथून सॉकेट, टीव्हीची लोंबती वायर, खेळण्यातली बटण-बॅटरी, कोपऱ्यातलं डासांचं लिक्विड दिसतं. डासांची कॉइल बंद खोलीत लावत असतील तर नको. खिडक्यांना जाळी लावायला सांगा.

लंगोट बदलणारे आणि भरवणारे हात एकच आहेत का, हे बघा. एकच असले तरी चालतं, पण मध्ये साबण लागला पाहिजे. सॅनिटायझरवर भागवत असतील तर जुलाबाचे आणि हात-पाय-तोंडाच्या आजाराचे विषाणू त्याने नीट मरत नाहीत. बदलायची चटई पुसायला बाजारात मिळणारं ४-५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण), एक भागाला ४९ भाग पाणी, पुसून १० मिनिटं तसंच. ते मिश्रण रोज नवीन करावं लागतं, आठवड्याची बाटली भरून ठेवलेली असेल तर ते नुसतं वासाचं पाणी.

सिस्टरताई

बरं झालं विषय निघाला. आजारपणाचा नियम लेखी आहे का, हा माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न. 'बघू, लहानसहान सर्दी चालते' म्हणजे नियम नाही, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तुमचं बाळ आजारी.

नियम असे असावेत: १०० पॉइंट ४ फॅरनहाइटच्या वर ताप असेल तर घरी, आणि पॅरासिटामॉलशिवाय २४ तास ताप नसल्यावरच परत. जुलाब-उलटी थांबल्यावर ४८ तास. कांजिण्या, सगळ्या पुटकुळ्यांवर खपली धरेपर्यंत. हात-पाय-तोंडाचा आजार, ताप जाऊन फोड सुकेपर्यंत, साधारण आठवडा. डोळे आले असतील तर चिपडं थांबेपर्यंत. बाकी मुलांच्या लसीकरणाच्या कार्डांच्या प्रती ठेवतात का, हेही विचारा. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नवव्या महिन्यानंतर असतो, म्हणजे तुमचं बाळ पहिले दोन महिने इतरांच्या लसीवर अवलंबून आहे.

औषध. इथे चूक कशी होते ती लक्षात ठेवा. पॅरासिटामॉलच्या थेंबांत १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतं. सिरपमध्ये ५ मिलीत १२० किंवा २५०. फोनवर 'पाच मिली द्या' म्हटलं आणि मावशीने हाताला लागलेली थेंबांची बाटली उचलली, तर १२० च्या जागी ५०० मिलिग्रॅम गेलं. चौपटीहून जास्त. म्हणून एकच बाटली, तुमची, बाळाच्या नावाची. सोबत सिरिंज, त्यावर मार्करने रेघ. आणि चिठ्ठीवर औषधाचं नाव, ताकद, मिली, वेळ, सही. फोनवरून डोस नाही.

सर्दी-खोकल्याची मिश्र सिरपं 'झोप लागेल' म्हणून देणाऱ्या जागा असतात. क्लोरफेनिरामिन आणि फिनाइलएफ्रिन असलेलं मिश्रण चार वर्षांखाली देऊ नये असं औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये लेबलवर छापायला लावलंय. आणायला गेल्यावर बाळ रोजच गाढ झोपलेलं असेल आणि घरी उचलून आणलं तरी जागं होत नसेल, तर विचारा. बाळघुटीही विचारल्याशिवाय देऊ नये असं लिहून घ्या. एक वर्षाच्या आत मध बोटानेसुद्धा नाही.

आणि एक प्रात्यक्षिक मागा: 'घशात काही अडकलं तर काय कराल, बाहुलीवर दाखवा.' एक वर्षाखाली पालथं धरून पाठीवर पाच थापा, मग उलटून छातीच्या मध्यावर एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच दाब, आलटून पालटून. न दिसणारी वस्तू बोट घालून शोधायची नाही, ती आत सरकते. काकूंनी नाही, सगळ्यात नव्या मावशीने दाखवलं पाहिजे.

कासारवडवली_लोकल

खूपच उपयोगी. वही काढून लिहिलं. आता मुख्य पेच: घराजवळ की ऑफिसजवळ?

नेरूळ_सेक्टर_आठ

कायद्याचं आधी बघा. ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तर कंपनीला पाळणाघराची सोय द्यावी लागते, २०१७ च्या दुरुस्तीपासून. आताच्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ५० चाच आकडा आहे. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं, विश्रांतीची वेळ धरून. ऐरोली-महापेच्या आयटी पार्कांत कंपन्या मिळून एक सोय करू शकतात. तेव्हा स्वतःच्या खिशातून ठरवण्याआधी एचआरला ईमेल करा, तोंडी नको.

ऑफिसजवळचा फायदा दुधाचा. तोटा, बाळाचा रोजचा प्रवास. घोडबंदर, माजिवडा, मग कळवा-विटाव्याकडून किंवा मुलुंडच्या पुलावरून. जुलैत विटाव्याला रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की दीड-दोन तास गाडीत, भुकेलं बाळ आणि तुम्ही चालवताय. मांडीवर नाही, मागच्या सीटवर मागे तोंड करून बसवलेल्या कार सीटमध्येच. शिवाय तुम्ही आजारी असाल किंवा घरून काम असेल त्या दिवशी पाळणाघर २० किलोमीटर लांब.

माझा नियम साधा: दुपारी बाराला 'ताप आलाय, घेऊन जा' असा फोन आला तर अर्ध्या तासात कोण पोचेल? आजी-आजोबा कासारवडवलीत असतील तर घराजवळ. दोघंही ऐरोलीत आणि घरी कोणी नसेल तर ऑफिसजवळ, निदान पहिलं वर्ष. कुठलंही निवडलं तरी उचलायला येणाऱ्यांची यादी फोटोसकट लेखी, चार नावं, त्यातलं एक चालत पोचेल असं. गाड्या बंद पडतात त्या दिवशी हीच यादी कामाला येते.

हिशेबनीस

पैशांचं दोन ओळींत. मासिक फी विचारून थांबू नका. अनामत परत कधी, वार्षिक शुल्क, जेवण वेगळं का, उशिराचे पैसे १५ मिनिटांना की तासाला, सोडायची नोटीस किती, आणि मावश्या गणपतीत आणि मेमध्ये गावी जातात तेव्हा सुट्टी किती दिवस. शेवटचा प्रश्न विसरलात तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आठ दिवस घरी बसाल.

कासारवडवली_लोकल

काकूंना दुपारी दीडला येऊ का विचारलं. म्हणाल्या, 'मुलं झोपलेली असतात, उठतील, चारला या.' हा लाल दिवा समजू का?

पाळणादोरी

लगेच नाही. अनोळखी माणूस आला की तान्ही खरंच उठतात आणि पुढचे दोन तास सगळ्यांचे वाईट जातात. म्हणा, 'चपला बाहेर, फोन बंद, दारापाशी भिंतीला टेकून दहा मिनिटं बसते, बोलणार नाही.' त्यालाही नाही म्हणाल्या तर मात्र नको. दाखल झाल्यावर न सांगता आत येता येईल का, हेही आत्ताच विचारून ठेवा.

दहा मिनिटांत एवढंच बघा: रडणाऱ्या बाळाला उचलायला किती सेकंद लागतात, कोणी टीव्ही लावून दिलाय का, मावश्या मुलांना नावाने हाक मारतात की 'ए बाळा'. नावं माहीत नसतील तर मावश्या सारख्या बदलतायत. सहा महिन्यांत किती जणी सोडून गेल्या, हे मावशीलाच जिन्यात विचारा.

ठरल्यावर रजा संपायच्या दहा दिवस आधीपासून सवय लावा. पहिले दोन दिवस तुम्ही सोबत, एक तास. मग दोन दिवस तुम्ही जिन्यात, एक दूध तिथे. मग एक झोप तिथे. मग अर्धा दिवस, मग पूर्ण. सात महिन्यांना हे सोपं जातं. आठ-नऊ महिन्यांनंतर बाळं परक्याला घाबरायला लागतात, तेव्हा पुढे ढकलू नका. रोज पाच लंगोट पाठवा आणि मार्करने १ ते ५ आकडे घाला. नऊ तासांत दोनच वापरले गेले असतील तर डायरीत काहीही लिहिलेलं असो, तुम्हाला कळेल.

कासारवडवली_लोकल

गुरुवारी जातेय, दीडला. एक राहिलं: बाळ बाटली घेतच नाही.

सिस्टरताई

मग बाटलीसाठी भांडू नका. बोंडल्याने (चोच असलेल्या छोट्या वाटीने) किंवा वाटी-चमच्याने सात महिन्यांचं बाळ नीट पितं. मावशीला शिकवायचं एवढंच की बाळ उठवून बसतं धरायचं, बोंडल्याची चोच खालच्या ओठावर टेकवायची आणि दूध ओतायचं नाही, बाळाने जिभेने ओढायचं. आडवं पाडून ओतलं की ठसका लागतो. स्टीलचं घ्या, पाच मिनिटं उकळता येतं. दोन घ्या, एक पाळणाघरात राहू दे.